छळाचे प्रेक्षक

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाचे विवेचन बहुधा बेणारेबाईंच्या अखेरच्या स्वगतापाशी येऊन स्थिरावते. सामंताकडे त्या मानाने लक्ष कमी जाते. वास्तविक समूहाने केलेल्या छळाची उपपत्ती शोधणाऱ्याने या भिडस्त खेडूतापासूनच आरंभ करावा. कोर्ट कसे चालते हे त्याला ठाऊक नाही; ते कळावे म्हणून तर लुटुपुटीचा खटला मांडला जातो. तो पाहतो, शिकतो आणि साक्ष देताना कादंबरीतला प्रसंग बेणारेबाईंच्या नावावर खपवतो. त्याच्या मनात द्वेष नाही. त्याला केवळ खेळ मोडायचा नाही.

बाहुलीला बडवणाऱ्या प्रौढाकडे पाहून मुलेही तसेच वागतात, हे आल्बर्ट बॅन्ड्युरा यांनी स्टॅनफर्ड येथे १९६१ मध्ये दाखवले. त्यांचा १९६५ चा प्रयोग अधिक बोलका आहे. बडवणाऱ्याला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्या मुलांनी अनुकरण कमी केले. परंतु बक्षिसाचे आमिष दाखवताच तीही इतरांइतकेच करून दाखवू लागली. शिक्षेने कृती थोपली होती, शिकलेले पुसले गेले नव्हते. १९८६ मध्ये सामाजिक बोधनाचा सिद्धान्त म्हणून त्यांनी या विचाराची व्यापक मांडणी केली. सभ्य माणसे आपली सदसद्विवेकबुद्धी बाजूला कशी ठेवतात, याचेही विश्लेषण त्यांनी केले आहे: क्रौर्याला सौम्य नाव द्यायचे, जबाबदारी वाटून टाकायची, दोष पीडितावरच ठेवायचा. काशीकरांची न्यायासनाची ऐट, सुखात्म्यांची वकिली आणि शेवटी ‘हा तर खेळ’ ही सारवासारव आठवली, की निराळे उदाहरण शोधावे लागत नाही.

वसतिगृहांतील रॅगिंगलाही ‘ओळख’ अथवा ‘गंमत’ म्हटले जातेच. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा शिक्षेचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत समुपदेशनाचीही तरतूद आहे. व्यवहारात मात्र प्रतिज्ञापत्र भरून घेतले की कर्तव्य संपते. खोलीच्या दाराशी उभे राहून हसणारे दहाजण कोणत्याच कागदावर येत नाहीत, आणि पुढल्या वर्षीचे छळणारे त्यांच्यातूनच निघतात. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी आखलेला ‘किवा’ हा उपक्रम या बघ्यांनाच हाताशी धरतो, हे त्याचे शहाणपण.

तथापि हा सिद्धान्त छळ कसा शिकला जातो ते सांगतो. कोणाचा, हे सांगताना तो अडखळतो. मंडळींच्या ठरलेल्या प्रयोगात आरोपी होते अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन. आयत्या वेळी त्यांच्या जागी अविवाहित शिक्षिका उभी केली जाते, ही निवड काही त्या संध्याकाळी शिकलेली नव्हे. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. त्या वर्गातील मुलांना दांडग्या सवंगड्याचे उदाहरण लागलेच नाही. वर्गातली बैठक त्यांच्या डोळ्यांसमोर रोजच होती.