शाळेने टाळलेला धडा आणि पोलीस ठाण्याचे दप्तर



आपल्या या सदरात नुकतेच एका पालकांचे पत्र प्रसिद्ध झाले असून, वयात येणाऱ्या मुलामुलींना प्रजननाविषयी शाळेत शिकवणे म्हणजे त्यांच्या निद्रिस्त वासना जागृत करणे होय, असा अभिप्राय त्यांनी त्यात नोंदवला आहे. पत्रलेखकांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु ज्या मराठवाड्यात माझी सारी नोकरी झाली, तेथील वस्तुस्थितीपुढे त्यांचा हा सिद्धान्त क्षणभरही टिकत नाही.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच उरकली होती. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास, तर परभणीत ४८ टक्के आहे. म्हणजे जी मुलगी अजाण आहे म्हणून तिच्यापासून हे ज्ञान दडवून ठेवायचे, तिलाच संसाराला आणि बाळंतपणाला योग्य ठरवून बोहल्यावर उभी करायची, असा हा न्याय आहे. अज्ञानाने पावित्र्याचे रक्षण होते असे मानणाऱ्यांनी, या दोन जिल्ह्यांत ते नेमके कोणाचे झाले, याचा खुलासा करावा.

आईबाप हे दुष्टपणाने करतात असे मी म्हणत नाही. दिवाळी सरली, मुकादमाची उचल अंगावर आहे, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरून ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या फडावर सहा महिने जायचे आहे आणि घरात वयात आलेली मुलगी आहे. तिला कोणाच्या भरवशावर मागे ठेवावे या विवंचनेत तिचे हात पिवळे करून मोकळे होणे हाच एक मार्ग त्यांना दिसतो. पुढे तीच मुलगी कोयता धरून फडात उतरते, जेथे धुण्याला पुरेसे पाणी नाही, आडोसा नाही आणि एक दिवस खाडा झाला तर दंड भरावा लागतो. दोनतीन बाळंतपणे झाली, अंगावरून पांढरे जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले, की कोणीतरी कर्करोगाची भीती घालतो आणि गर्भपिशवी काढून टाकली जाते. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. या अनर्थाला दारिद्र्य, मुकादमी आणि काही डॉक्टरांचा लोभ ही कारणे आहेतच, ती मी नाकारीत नाही. तथापि गर्भाशयाचे कार्य काय, पांढरे जाणे हे बहुधा औषधाने बरे होते, एवढे जिला शाळेत कोणी समजावून सांगितले असते, तिने शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी निदान एक प्रश्न तरी विचारला असता.

मुलग्यांची कथा निराळी नाही. फक्त तिच्याविषयी कोणी कळवळून बोलत नाही. स्वप्नावस्थेने शक्तिपात होतो या धास्तीने खंगणारी मुले मी प्रत्येक तुकडीत पाहिली आहेत. त्यांचे समाधान कोण करतो? एसटी स्थानकाच्या भिंतीवरील गुप्तरोगतज्ज्ञांची जाहिरात, आणि आता खिशातला मोबाईल. पत्रलेखक ज्या मौनाचा पुरस्कार करतात, ते मौन केवळ शाळेपुरतेच पाळले जाते.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचे प्रकरण आहे, हे खरे. पण ते पुष्कळ वर्गांत 'घरी वाचून या' एवढ्या तीन शब्दांत संपते, आणि दहावीपर्यंत शाळेत न टिकणाऱ्या मुलींच्या वाट्याला तर तेवढेही येत नाही. केंद्र सरकारने आणि एड्स नियंत्रण संघटनेने आखलेला किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम २००७ साली महाराष्ट्रात आला, तेव्हा पुस्तकातील चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारने तो गुंडाळून ठेवला. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' या त्यांच्या मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोर्टात मांडली, त्या महाराष्ट्रात त्र्याहत्तर वर्षांनंतरही हेच घडावे, याची मला खंत वाटते.

शाळेने असे अंग काढून घेतल्यावर शासनाची आणि या मुलांची गाठ पडते ती एकदम पोलीस ठाण्यात. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या लैंगिक संबंधाची माहिती पोलिसांस कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पत्नीशी संबंध ठेवणाऱ्या पतीला असलेली सवलतही रद्द केली. दोन्ही गोष्टी मुलीच्या संरक्षणासाठीच आहेत, आणि त्या रद्द कराव्यात असे मी सुचवीत नाही. परंतु त्यांचा प्रत्यक्ष परिणाम असा, की सतरा वर्षांची गर्भवती नाव नोंदवायला आली की नातेवाईक तिचे वय एकोणीस सांगतात, नाहीतर तिला सरकारी दवाखान्यात आणतच नाहीत. गर्भपातासाठी येणाऱ्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने तिचे नाव पोलिसांस कळवण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. हा दिलासा गावापर्यंत पोहोचवणार कोण? कायदा वयाची शिक्षा सांगतो, वयाची समज देत नाही. ती देण्याचे काम शिक्षण खात्याचे आहे.

यासाठी नवी योजना मागण्याचेही कारण नाही. झारखंडने २००६ पासून सरकारी शाळांत 'उडान' हा किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम चालवून दाखवला, आणि आपल्याच गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या 'तारुण्यभान' उपक्रमाने हा विषय निर्मळ मराठीत तरुणांपुढे मांडता येतो हे सिद्ध केले. आयुष्मान भारत योजनेच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून हे विषय शिकवावेत, अशी तरतूदही आहे. कागदावरील ही तरतूद वर्गात उतरली की नाही, हे पालकांना पाहता येईल अशी व्यवस्था मात्र हवी. म्हणून शिक्षण खात्याला माझी विनंती एवढीच, की येत्या जूनपासून प्रत्येक शाळेच्या दर्शनी फलकावर त्या दोन शिक्षकांची नावे, सहावीपासून मुलामुलींना हा तास कोणत्या वारी असतो त्याची वेळ, आणि तालुक्यातील किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री' क्लिनिकचा पत्ता लिहिण्याचा हुकूम काढावा. आणि ज्या शाळेचा फलक कोरा आढळेल, त्या शाळेच्या मुख्याध्यापकाकडून लेखी खुलासा मागवावा.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक, अंबाजोगाई