मूर्ती कपाटात आणि माती ढिगाऱ्यावर?

आपल्या जालना जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या गावचं नाव कोरलेलं आहे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. त्यात सातवाहनकाळातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्यासारखीच मूर्ती इटलीतल्या पाँपेईत मिळालेली असल्याने तिची चर्चा जगभर झाली.

पण हस्तिदंत कुणाच्या घरात होता? श्रीमंताच्या. मग राबणाऱ्याच्या घरात काय उरलं? चुलीची राख, जळके दाणे, हाडांचे तुकडे, सारवलेली जमीन. त्याचा इतिहास कोणत्याही पोथीत नाही, तो मातीच्या थरांत आहे. भोकरदनच्या उत्खननात मिळालेल्या प्राचीन धान्याचा अभ्यास झाला, तो अशा मातीमुळेच.

थर म्हणजे पुस्तकाचं पान. उत्खनन करताना ते पान फाटतंच, एकदा खणलेला थर पुन्हा रचता येत नाही. म्हणून प्रत्येक थराची माती खोली आणि क्रमांक लिहून जपायला हवी. खड्ड्याच्या कडेला चिकट द्रव लावून, वर कापड चिकटवून, वाळल्यावर थरांचा अख्खा पापुद्रा सोलून घेता येतो. तो संग्रहालयात टांगता येतो. आणि टेकाडाचा काही भाग न खणता पुढच्या पिढीसाठी राखायलाच हवा, कारण उद्याची साधनं आजच्यापेक्षा जास्त वाचतील.

माती कुणाची जात सांगत नाही, हे मान्य. पण कोण काय खात होतं, कुठे राहत होतं, हे ती सांगते. 'अस्पृश्य मूळचे कोण?' या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हीच रीत मांडली: लिखित पुरावा नसेल तिथे विखुरलेल्या हाडांवरून नामशेष प्राणी उभा करणाऱ्या अभ्यासकासारखं काम करावं लागतं. आपण मात्र ती हाडंच फेकून द्यायची का?

थोडं स्वतःकडेही बघू. जुन्या पांढरीची माती खत म्हणून शेतात जाते, तेव्हा आपण गप्प असतो. बुद्धमूर्ती सापडली की मात्र हार घालतो, जेसीबी बोलावतो, जागा सपाट करून चौथरा बांधतो. श्रद्धेपोटी आपण आपलाच पुरावा पुसतो.

म्हणून गावात काही सापडलं तर आधी खोदकाम थांबवा. फोटो काढा, तहसीलदार आणि पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा, पोच घ्या. ग्रामसभेत पांढरीच्या रक्षणाचा ठराव मांडा. उत्खनन होत असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: मूर्ती कुठे ठेवणार ते कळलं, माती कुठे ठेवणार?

जय भीम!