जिभेखालच्या गोळीने गुठळी विरघळत नाही. मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

'छातीत दुखलं की लगेच सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवा, जीव वाचेल.' असा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. गोळी चांगली आहे, पण मेसेज अर्धवट आहे. त्यामुळे जीवही धोक्यात येऊ शकतो.

गोळी नेमकं काय करते?

सॉर्बिट्रेट हे नायट्रेट गटातलं औषध. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींत गेल्यावर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. तो 'सायक्लिक जीएमपी' हे रसायन वाढवतो, पेशीतलं कॅल्शियम कमी होतं आणि आवळलेला स्नायू सैल पडतो. सगळ्यात जास्त रुंदावतात त्या शिरा. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, भार हलका होतो आणि कळ कमी होते. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाचा उलगडा करणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

मग रक्त पातळ होतं का?

प्लेटलेट्समध्येही हेच रसायन वाढतं आणि त्यांचं एकमेकींना चिकटणं काहीसं कमी होतं. पण हा परिणाम मर्यादित आहे. त्यामुळे ही गोळी ॲस्पिरिनची जागा घेत नाही आणि तयार झालेली गुठळी तर मुळीच विरघळवत नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-४' चाचणीत हार्ट अटॅकचे ५८ हजारांहून अधिक रुग्ण होते. नायट्रेट दिल्याने पाच आठवड्यांतले मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत.

धोका कुणाला?

बीपी आधीच खाली असेल किंवा अटॅक हृदयाच्या उजव्या बाजूला असेल, तर या गोळीने बीपी धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतं. गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल घेतलं असेल, तरीही तेच. ही गोष्ट घरच्यांना माहीत नसते आणि रुग्ण लाजेने सांगत नाही.

म्हणून ही गोळी सरसकट प्रत्येकाच्या पाकिटात ठेवायला सांगणं चुकीचं आहे. ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिली आहे, त्यांनी ती बसून घ्यावी. पाच मिनिटांत आराम पडला नाही, तर १०८ ला फोन करावा. ज्यांना लिहून दिलेली नाही, त्यांनी गोळी शोधत न बसता थेट १०८ लावावा.

कळ थांबली म्हणजे अटॅक टळला, असं नाही. पुढचा मेसेज फॉरवर्ड करताना एवढी एक ओळ तरी जोडा.