तेल वाचवायचं तर लोकल वाढवा

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं, मोटारी विजेवर आणल्या, की परदेशी तेलाचा प्रश्न सुटला, असं हल्ली ठासून सांगितलं जातं. मला ते पटत नाही. कच्च्या तेलासाठीचं परावलंबन 77 टक्क्यांवरून 2022 पर्यंत 67 वर आणायचं, असं उद्दिष्ट 2015 मध्ये जाहीर झालं होतं. आज हे परावलंबन 85 टक्क्यांच्याही पुढे गेलंय. इथेनॉलचं 20 टक्क्यांचं उद्दिष्ट मात्र 2025 मध्येच गाठलं. ऊसवाल्याच्या हाती त्यातून पैसा आला, हे चांगलंच झालं. पण हे इथेनॉल पेट्रोलपुरतं. देशात पेट्रोलच्या दुपटीहून अधिक डिझेल जळतं. शिवाय लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी.

विजेची मोटार तेल वाचवते, हे खरं. पण कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत तीही इतर मोटारींइतकीच जागा अडवते, आणि तिच्या मागे ट्रक डिझेल जाळत उभे राहतात.

तेलाविना हजारो माणसं एकदम नेणारं वाहन आपल्याकडे केव्हाचं आहे. मुंबईत विजेची रेल्वेगाडी 1925 मध्ये धावली. 1930 पर्यंत ती कल्याण ओलांडून पुणे-इगतपुरीला पोचली. त्या विजेसाठी रेल्वेने ठाकुर्लीत चोळे पॉवर हाऊस उभारलं होतं. यावर कुणी म्हणेल, वीज तरी कोळशाचीच ना? हो, बरीचशी कोळशाचीच, आणि त्याच्या धुराचा प्रश्न खराच आहे. पण तो कोळसा बहुतांश इथल्याच खाणींतला. त्यासाठी आखातातल्या युद्धाकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

मग डोंबिवलीकर दुचाकी का काढतो? चैन म्हणून नव्हे. सकाळी मुंबईकडची फास्ट गाडी कल्याणहूनच गच्च भरून येते. बसायला मिळावं म्हणून माणसं 'डाऊन' करतात, म्हणजे आधी उलटं कल्याणला जातात. ज्यांना ते जमत नाही ती दारात लटकतात. 9 जून 2025 रोजी दिवा-मुंब्र्यादरम्यान अशीच लटकलेली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. संध्याकाळी स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग, बसचा पत्ता नाही. असा माणूस पेट्रोलपंपावर गेला, तर त्याला तेलबचतीचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा?

जादा लोकलसाठी जादा रूळ हवेत. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये सुरू झाली. कुर्ल्यापुढे सीएसएमटीपर्यंतची अजून रखडलेली आहे. पंधरा डब्यांच्या लोकल मध्य रेल्वेवर मोजक्याच. इथेनॉलसाठी सरकारने मुदत घातली, पैसा लावला आणि काम करून दाखवलं. तशीच मुदत या मार्गिकेला, या डब्यांना आणि स्टेशनपासून घरापर्यंतच्या विजेच्या बसला घाला, आणि तो खर्च तेलाची आयात घटवण्याच्या खात्यात मांडा.