ठराव पुरे झाले, आता ग्रंथपालाला वेतन द्या!

ग्रंथालय संघांची अधिवेशने दरवर्षी भरतात. जिल्ह्याचे वेगळे, विभागाचे वेगळे, राज्याचे वेगळे. सकाळी ग्रंथदिंडी निघते. व्यासपीठावर मंत्री येतात, आमदार येतात, साहित्यिक येतात. वाचनसंस्कृती लोप पावत चालली, अशी चिंता प्रत्येक पाहुणा व्यक्त करतो आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून जातो. शेवटच्या सत्रात मंडप अर्धा रिकामा झालेला असताना ठराव वाचले जातात. ग्रंथालय कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्या, सेवानियम करा, अनुदान वाढवा. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात. पुढच्या वर्षी गाव बदलते, मंडप बदलतो, ठराव मात्र तेच राहतात.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातूनही ग्रंथपाल मोठ्या आशेने या अधिवेशनांना जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. आमचा प्रश्न सरळ आहे. ज्या माणसाच्या हातात वाचनालयाची किल्ली आहे, त्याच्या घरची चूल या पगारावर पेटते काय? पेटत नसेल, तर वाचनसंस्कृतीच्या गप्पा कोणासाठी?

या पट्ट्याला ग्रंथालयांची जुनी परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. २०१० साली ठाण्यात ८४ वे आणि २०१७ साली डोंबिवलीत ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. या परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा. पण इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगावा. कल्याणला वाचनालय निघाले त्याच्या अवघी ८ वर्षे आधी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला होता. म्हणजे एकीकडे शहाण्यासुरत्यांची वाचनालये उभी राहत होती आणि दुसरीकडे आमच्या पूर्वजांना अक्षर शिकण्यासाठी सरकारदरबारी अर्ज करावा लागत होता.

म्हणूनच ग्रंथालय हा आमच्या चळवळीसाठी हौसेचा विषय कधीच नव्हता. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये काढणे हेही उद्दिष्ट होते. पोटाला भाकरी नसलेल्या समाजासाठी काढलेल्या संस्थेने वाचनालय मागितले, याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. १९१७ साली परदेशातून परतताना बाबासाहेबांची पुस्तके ज्या बोटीवर होती ती बोट पाणतीराने बुडाली. तरी ते थांबले नाहीत. पुढे ‘राजगृह’ बांधताना त्यांनी ग्रंथांचा विचार आधी केला. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्याचे ग्रंथालय हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता आणि तिथले ग्रंथपाल एस. एस. रेगे यांना त्यांच्या लेखी मान होता. ज्या महामानवाने ग्रंथपालाला मान दिला, त्याच्या राज्यात ग्रंथपालाची अवस्था काय आहे ते आता आकड्यांत पाहू.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. या कायद्याखाली शासनमान्य वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागली गेली आणि त्यांना परिरक्षण अनुदान मिळू लागले. २०१२ च्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचे अनुदान वर्षाला ३०,००० रुपये होते. त्यानंतर १० वर्षे त्यात एका पैशाची भर पडली नाही. २०२३ साली ६० टक्के वाढ झाली आणि ते ४८,००० झाले. ६० टक्के हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण अनुदानाचा निम्मा भाग वेतनावर खर्च करायचा असतो. ४८,००० चे निम्मे २४,०००. बारा महिन्यांनी भागा. हाती येतात २,००० रुपये महिना! जिल्हा ‘अ’ वर्गाचे अनुदान त्याच वेळी ११,५२,००० झाले. त्याचे निम्मे म्हणजे महिन्याला ४८,०००. त्यात ग्रंथपालापासून शिपायापर्यंत सारे बसवायचे. सहा माणसे धरली तर प्रत्येकी ८,०००. यावर आणखी ४०-५० टक्के वाढ दिली तरी २,००० चे ३,००० होतील. टक्केवारीने पोट भरत नाही.

हीच पदवी घेतलेला, पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला ग्रंथपाल अनुदानित महाविद्यालयात लागला तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याचे मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होते. ते त्याच्या हक्काचे आहे, आमची त्याबद्दल तक्रार नाही. पण तशी जागा किती जणांना मिळते? शाळांत जावे तर तिथे विद्यार्थिसंख्येची अट. हजाराच्या आत पट असला की ग्रंथपाल अर्धवेळ, आणि तोही सगळीकडे नाही. आमची मुले-मुली मुक्त विद्यापीठातून, रात्रीच्या वर्गांतून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतात आणि शेवटी वस्तीजवळच्या वाचनालयात मानधनावर बसतात.

यावर उत्तर दिले जाते की हे काम दोन-चार तासांचेच आहे. हे उत्तर देणाऱ्याने कल्याण-डोंबिवलीचे वाचनालय पाहिलेले नाही. इथला वाचक लोकलवर जगतो. तो पुस्तक बदलायला सकाळी गाडी पकडण्याआधी येतो, नाहीतर रात्री गाडीतून उतरल्यावर. म्हणून वाचनालय सकाळी उघडायचे, दुपारी बंद करायचे आणि संध्याकाळी पुन्हा उघडायचे. कर्मचाऱ्याचा दिवस दोन्हीकडून बांधला जातो. मधल्या वेळात दुसरी नोकरी करता येत नाही. शिवाय दाखल नोंदवही, वर्गीकरण, देवघेव, वर्गणीची वसुली, वार्षिक अहवाल, तपासणी, लेखापरीक्षण हे सारे त्याच्याच माथी. काम अर्धवेळ म्हणता ना? मग अर्धे वेतन तरी द्या! २,००० हे कशाचे अर्धे आहे?

आता कायद्याचे बोलू. कर्मचारी शासनाकडे गेला की शासन म्हणते, तुझा मालक वाचनालयाची कार्यकारिणी आहे. कार्यकारिणीकडे गेला की ती म्हणते, अनुदानच एवढे येते, आम्ही काय करणार? या टोलवाटोलवीत माणसाचे आयुष्य निघून जाते. असाच युक्तिवाद दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामाबाबत झाला होता. मजूर ठेकेदाराचे आहेत, आमचे नाहीत, असे म्हणून जबाबदारी झटकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ खटल्यात स्पष्ट केले. त्याच निकालात न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे संविधानाच्या कलम २३ ने मनाई केलेली वेठबिगारी. माणूस गरजेपोटी ‘राजीखुशीने’ कामावर आला म्हणून वेठ ही वेठच राहते.

देशात किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली मांडले ते मजूरमंत्री डॉ. आंबेडकरांनी. १९४८ साली त्याचा कायदा झाला. त्या कायद्यात अनुसूचीतील रोजगारांनाच संरक्षण होते. २०१९ च्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत नेला. मग ग्रंथालय सेवक तेवढा कर्मचारी नाही काय? त्याला सेवक म्हणायचे, ग्रंथमित्र म्हणायचे, शाल-श्रीफळ द्यायचे आणि वेतनाच्या वेळी मानधन शब्द पुढे करायचा, ही फसवणूक आहे. राज्य शासन उत्कृष्ट ग्रंथालयांना जो पुरस्कार देते त्याला नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. पुरस्काराला किमान वेतनाच्या जनकाचे नाव, आणि पुरस्कारप्राप्त वाचनालयातील शिपायाला किमान वेतनही नाही! बाबासाहेबांच्या नावाचा याहून मोठा उपमर्द कोणता?

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती अधिवेशनांत फारशी कोणी बोलत नाही. महाराष्ट्राचा २००१ चा आरक्षण कायदा शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्थांनाही लागू होतो. अनुसूचित जातींना त्यात १३ टक्के आरक्षण आहे. पण आरक्षण पदाला असते, मानधनाला नसते. जिथे मंजूर पद नाही, वेतनश्रेणी नाही, तिथे बिंदुनामावली कसली? कार्यकारिणीच्या मर्जीतला माणूस येतो, बसतो, जातो. म्हणजे पद न देण्याने एकाच दगडात दोन पक्षी मारले जातात. वेतनही वाचते आणि आरक्षणही. वेतनश्रेणीची मागणी ही म्हणूनच आमच्या हक्काचीही मागणी आहे, हे चळवळीने ओळखले पाहिजे.

पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. मद्रास प्रांताने १९४८ सालीच ग्रंथालय कायदा करून मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राने तसा उपकर बसवला नाही. आमच्या मालमत्ता कराच्या देयकात शिक्षण उपकर आहे, रोजगार हमी उपकर आहे, वृक्ष उपकर आहे. ग्रंथालयाचेच तेवढे वावडे का? महानगरपालिका अधिनियमात वाचनालय हे ऐच्छिक कर्तव्य ठरवून ठेवले आहे. त्यामुळे उड्डाणपुलाला पैसा मिळतो आणि वाचनालयाला कारणे मिळतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या हद्दीत उभ्या राहणाऱ्या टोलेजंग इमारतींच्या करातून अल्पसा उपकर घेतला, तरी इथल्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या वेतनाला हक्काचा आधार मिळेल.

वाचनालयांनीही आपले घर झाडून घ्यावे. २०१२ साली महसूल यंत्रणेमार्फत पडताळणी झाली तेव्हा केवळ कागदावर चालणारी वाचनालये उघडकीस आली. त्याचा भुर्दंड प्रामाणिकपणे चालणाऱ्यांना बसला. नव्यांची मान्यता आणि जुन्यांची दर्जावाढ कित्येक वर्षे रखडली. ज्यांनी अनुदान लाटले त्यांच्यासाठी आम्ही एक शब्दही बोलणार नाही. पण चोर सापडला म्हणून राबणाऱ्याची मजुरी कापायची, हा कुठला न्याय?

आणि आपल्या मंडळांनाही दोन शब्द. आपल्या वस्त्यांतील अनेक बुद्धविहारांत अभ्यासिका आहेत. तिथे स्पर्धा परीक्षांची पोरे रात्री उशिरापर्यंत बसतात, कारण घरात दहा बाय दहाच्या खोलीत दिवा लावला तर बापाची झोप मोडते. त्या अभ्यासिकेची किल्ली सांभाळणाऱ्या मुलाला किंवा ताईला आपण काय देतो? जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करायला वर्गणी निघते, मग बारा महिन्यांच्या ग्रंथपालाला का निघू नये? शासनाला वेतन मागणाऱ्या चळवळीने आपल्या दारातील माणसाला आधी वेतन द्यावे. तेव्हाच आपल्या मागणीला धार येईल.

ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघटना व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशींची अंमलबजावणी किती वर्षे मागत आहेत? समित्या बसतात, अहवाल येतात, अहवालांवर धूळ बसते. म्हणून पुढच्या अधिवेशनात नवे काही व्हावे, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक वाचनालयात कोणाला किती पैसे मिळतात याची यादी तालुकावार तयार करा. माहितीच्या अधिकारात जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून वेतनखर्चाचे तपशील मागवा. तो कागद हातात घेऊन वेतन संहितेखाली दावे दाखल करा, आणि शासन दाद देत नसेल तर कलम २३ घेऊन उच्च न्यायालयात चला. मंजूर पदे आणि आरक्षण ही मागणी वेतनाच्या मागणीपासून तोडू नका. चळवळीतील वकिलांनी या कामाचे शुल्क घेऊ नये, असे आमचे आवाहन आहे.

बाबासाहेबांनी हक्क भीक मागून मिळत नाहीत हे शिकवले. टाळ्यांच्या गजरात मंजूर झालेला ठराव ही विनंती असते. सह्यांनिशी दाखल केलेला दावा हा हक्क असतो. ठाणे-कल्याणच्या ग्रंथपालांनी यंदा ठरावाऐवजी दावा करावा. आम्ही त्यांच्याबरोबर आहोत.