विमानाचा कान कोण पिळतो?

मुलांनो, बाबांच्या मोटारसायकलचा कान पिळला की ती पळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पेट्रोलवर उडणाऱ्या मॉडेल विमानात तर कुणीच बसलेलं नसतं. मग त्याचा कान पिळतो कोण? तर 'सर्व्हो' नावाची छोटी मोटर. तुम्ही खालून रेडिओवरची दांडी सरकवलीत, की सर्व्होचा हात फिरतो, त्याला जोडलेली सळी पुढे-मागे होते आणि कार्बुरेटरमधली गोल चकती उघडते किंवा मिटते. उघडली, की पंखा गरगरायला लागतो.

ही सळी धातूची नको बरं का! पेट्रोल इंजिनात सतत ठिणगी पडते. तिचा विजेचा गोंगाट धातूच्या सळीवरून थेट रेडिओपर्यंत पोचतो. जुन्या संचांना याचा फार त्रास व्हायचा. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे संच पुष्कळ चांगले, तरी जाणकार नायलॉनचीच सळी घालतात.

आता जुळणी. इंजिन बंद! दांडी बरोब्बर मध्यावर ठेवायची. सर्व्होचा हात सळीशी काटकोनात, कार्बुरेटरचा हातही काटकोनात आणि चकती अर्धी उघडी. ('काटकोन कशाला शिकायचा?' असं विचारणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं.) मग दांडी पूर्ण पुढे न्या. चकती उघडून अडली, तरी सर्व्हो ढकलतोच आहे? घुं घुं आवाज येतोय? म्हणजे तो फुकट बॅटरी खातोय. बॅटरी संपली, की विमानावरचा ताबाच गेला! अशा वेळी सळी सर्व्होच्या हातावर एक भोक आत घ्यायची, म्हणजे चाल कमी होते.

दांडी मागे घेतली, तरी चकतीला बारीकशी फट हवीच. पूर्ण मिटली तर इंजिन हवेतच बंद पडेल, आणि ते खालून पुन्हा कसं सुरू करणार? फट मोठी राहिली तर विमान उतरायलाच तयार होत नाही. इंजिन थांबवायला ठिणगी तोडणारा वेगळा स्विच असतो. तो नसेल तर उडवूच नका.

पालकहो, फिरता पंखा बोट तोडू शकतो. इंजिन सुरू करणं हे मोठ्यांचंच काम. जुळणी मात्र मुलांना करू द्या.

आणि हो, सळी आतल्या भोकात घेतल्यावर चाल कमी का होते? कंपास घेऊन दोन वर्तुळं काढा आणि सांगा पाहू!