शिळी यादी आकाशात चालत नाही!

दोस्तांनो, परंड्याचा भुईकोट किल्ला पाहिलाय का? नसेल तर बार्शीच्या बाजूला कधी गेलात की जरूर पाहा. आत ठिकठिकाणी तोफा आहेत. पण एकेकाळी या किल्ल्यात असलेली सगळ्यांत प्रचंड तोफ मात्र तिथं दिसणार नाही. तिचं नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा धनी! १५४९ साली ती अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) ओतली. पुढे ती परंड्याला आली आणि १६३२ च्या सुमाराला तिला विजापूरला नेलं. आजही ती तिथल्या बुरुजावर आहे.

आता कल्पना करा. १६३० साली लिहिलेली तोफांची यादी घेऊन कोणी १६४० मध्ये परंड्याला आला. वाट बरोबर, गाव बरोबर, किल्लाही बरोबर. पण तोफ कुठाय? चूक वाटेची नाही बरं का, चूक यादीची! गड्यानं शिळी यादी आणली.

विमानाच्या जीपीएसची गोष्ट अगदी अशीच आहे.

तुम्ही म्हणाल, "जीपीएस तर उपग्रहांवर चालतं. मग त्याला यादी कशाला?" चांगला प्रश्न आहे! उपग्रहांच्या संदेशांवरून फक्त एवढंच कळतं, की तुम्ही आत्ता १८ अंश १६ मिनिटं उत्तर आणि ७५ अंश २७ मिनिटं पूर्व इथं आहात. हे ठिकाण म्हणजे परंडा, हे उपग्रहाला ठाऊक नसतं. विमानतळ कुठं आहे, धावपट्टी कोणत्या दिशेला आहे, उतरताना किती उंचीवरून कुठं वळायचं, हे सारं विमानातल्या यंत्रात भरलेल्या यादीतून येतं. या यादीला डेटाबेस म्हणतात. उपग्रहांचे संदेश साऱ्या जगाला फुकट मिळतात. पण यादी फुकट तयार होत नाही, आणि ती शिळीही होते!

शिळी कशी होते? आपल्या जवळचीच उदाहरणं घ्या. २०१६ सालची यादी यंत्रात असेल, तर त्यात शिर्डीचा विमानतळ चालू दिसणार नाही, कारण तो २०१७ मध्ये सुरू झाला. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ २०२१ चा. गोव्यातल्या मोपा इथून उड्डाणं सुरू झाली जानेवारी २०२३ मध्ये, आणि नवी मुंबईहून डिसेंबर २०२५ मध्ये. नवा विमानतळ आला की आजूबाजूचे आकाशातले रस्तेही बदलतात.

आणखी एक गंमत. धावपट्टीचा क्रमांकसुद्धा बदलतो! होकायंत्रानं दाखवलेल्या दिशेचे अंश घ्यायचे आणि त्यांना दहानं भागायचं, म्हणजे क्रमांक मिळतो. मुंबईची २७ क्रमांकाची धावपट्टी म्हणजे साधारण २७० अंश, म्हणजेच पश्चिम. पण पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव हळूहळू सरकत असतात. म्हणून अमेरिकेतल्या टॅम्पा विमानतळावरच्या १८ क्रमांकाच्या धावपट्टीला २०११ साली १९ क्रमांक द्यावा लागला. धावपट्टी जागची हलली नाही, नाव मात्र बदललं. आपलं उस्मानाबाद २०२३ मध्ये धाराशिव झालं, तसंच!

मग रोज कोणी ना कोणी बदल करायला लागला, तर वैमानिकांनी लक्षात तरी किती ठेवायचं? यावर जगानं मिळून एक छान तोडगा काढला. महत्त्वाचे बदल मनाला येईल तेव्हा करायचे नाहीत. दर २८ दिवसांनी एक ठरलेला गुरुवार येतो. त्याच दिवशी जगभर नवी यादी लागू होते. बदल काही आठवडे आधीच जाहीर करायचा, म्हणजे सगळ्यांना तयारीला वेळ मिळतो. या पद्धतीला एअरॅक म्हणतात. मधेच काही अचानक घडलं, समजा धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद झाली, तर 'नोटॅम' नावाची वेगळी सूचना निघते.

या याद्यांची सुरुवात कशी झाली, ठाऊक आहे? अमेरिकेत १९३० च्या सुमाराला एल्रे जेपसन नावाचा तरुण वैमानिक टपालाची विमानं चालवत असे. वैमानिकांसाठी चांगले नकाशे नव्हतेच. त्यानं दहा सेंटला एक छोटी वही घेतली. कुठल्या शेतात विमान उतरवता येतं, टेकडी किती उंच, वाटेत धुरांडं कुठं, असं तो त्यात टिपू लागला. मित्र वही मागू लागले. शेवटी १९३४ मध्ये त्यानं तोच व्यवसाय सुरू केला. पुढे सुट्या पानांची वही आली. बदललेलं पान तेवढं काढायचं, नवं लावायचं. सारी वही पुन्हा विकत घ्यायला नको!

आता पैशांची गोष्ट. इथं आई-बाबांनीही कान द्यावेत. मोठ्या विमान कंपन्यांना यादीचा खर्च परवडतो. पण छोट्या विमानांचं काय? गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर तरुण मुलंमुली विमान चालवायला शिकतात. अशा शिकाऊ विमानांच्या खर्चात इंधन आणि दुरुस्तीबरोबर यादीची वर्गणीही धरावी लागते. मूळ माहिती प्रत्येक देशाचं सरकार प्रसिद्ध करतं. आपल्याकडे हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरण करतं. ती माहिती यंत्राला कळेल अशा भाषेत मांडायची, आकडा न् आकडा तपासायचा, याला माणसं लागतात. म्हणून वर्गणी!

मग खर्च कमी कसा करायचा? तुमच्या आईला विचारा. ती दूध रोज घेते, डाळ महिन्याची भरते आणि पाटा-वरवंटा एकदाच घेते. जी वस्तू जितक्या लवकर नासते, तितक्या वेळा आणायची. विमानातही तसंच. विमानतळ आणि हवाई मार्गांची यादी २८ दिवसांनी बदलावी लागते. उंच मनोरे आणि धुरांडी यांची यादी वेगळी असते. डोंगरांची यादी तर क्वचितच बदलते, कारण बालाघाटचे डोंगर दर महिन्याला जागा थोडीच बदलतात! शिवाय भारतातच उडायचं असेल, तर साऱ्या जगाची यादी कशाला? आपल्या भागाची पुरे. अमेरिकेत तर सरकारच यंत्राला वाचता येईल अशी मूळ यादी दर २८ दिवसांनी फुकट देतं.

एक स्वस्त वाट मात्र बंद आहे. एका विमानाची वर्गणी भरायची आणि तेच कार्ड गुपचूप चार विमानांत फिरवायचं, हे चालत नाही. ती चोरी झाली. "मागच्या वर्षीची यादी आहे की, चालवून घेऊ!" हेही नाही. यादीची मुदत संपली असेल, तर पुष्कळ यंत्रं सुरू होतानाच तसं बजावतात. अशा वेळी ढगांतून नुसत्या यंत्राच्या भरवशावर उतरण्याचा विचार सोडावा, हे उत्तम. स्वच्छ हवेत, नियमांची परवानगी असेल तर, ताजा नकाशा हाती घेऊन एकेक आकडा ताडून पाहावा.

एवढी काटेकोर काळजी का, ते सांगतो. २० डिसेंबर १९९५ ला कोलंबिया देशात काली शहराकडे निघालेलं एक प्रवासी विमान डोंगरावर आदळलं. १५९ माणसं गेली. ती यादी शिळी नव्हती. पण कागदी नकाशावर एका ठिकाणाची खूण 'आर' होती, आणि संगणकात 'आर' म्हटलं की दुसरंच, दूरचं ठिकाण निघालं. विमान तिकडे वळलं. वैमानिकांच्या हातूनही चुका झाल्या, पण कागद आणि यंत्र यांचा मेळ नसणं हेही एक कारण ठरलं. पाहा, यादीतलं एक अक्षर किती मोलाचं असतं!

आता तुमच्यासाठी काम. आपल्या गावातल्या दहा गोष्टींची यादी करा. एस.टी.च्या वेळा, दवाखाना उघडण्याची वेळ, दळणाची गिरणी, बाजाराचा वार. वर तारीख घाला. बरोबर २८ दिवसांनी पुन्हा तपासा. किती गोष्टी शिळ्या झाल्या ते मोजा. अशी ताजी यादी परगावाहून आलेल्या पाहुण्यालाही उपयोगी पडेल.

आणि एक कोडं. २०२६ मधला पहिला एअरॅक गुरुवार होता २२ जानेवारी. त्या वर्षात असे एकूण किती गुरुवार येतात? बहुतेक वर्षी १३ च येतात, पण २०२० मध्ये ते १४ आले होते. असं का बरं? एवढं सांगतो, की २०२० चा पहिला गुरुवार २ जानेवारीला आला होता, आणि त्या फेब्रुवारीत काहीतरी विशेष होतं. घ्या कागद-पेन्सिल!